टेक्निकल रायटर आहे, वय ४१. आता प्रोग्रॅमिंग शिकायचं का?

ओवी (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी टेक्निकल रायटर. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणारी. एम.ए. इंग्रजी झाले आणि २००८ साली वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. या कामाला असं काही नाव असतं हे तिथेच कळलं. आई शेजारी सांगायची, "ती कॉम्प्युटरचं लिहिते." स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यावर लाल चौकोन काढायचा, खाली पायऱ्या लिहायच्या. ते काम मी मन लावून केलं आणि मला ते चांगलं येतं.

गेली सहा वर्षं महापेला आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने कोपरखैरणे, पुढे रिक्षा. आमचं सॉफ्टवेअर दुकानदारांच्या वेबसाइटला पेमेंट जोडून देतं. आधी मी दुकानदारासाठी लिहायचे. दोन वर्षांपासून वाचकच बदललाय. आता वाचतो तो समोरच्या कंपनीतला डेव्हलपर आणि मी लिहिते ते एपीआयचं (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत) डॉक्युमेंटेशन: अमुक पत्त्यावर अशी विनंती पाठवा, असं उत्तर येईल.

आता जे झालं ते सांगते. एका एपीआयचं उदाहरण आमच्या डेव्हलपरने मला मेलवर पाठवलं. मी ते वर्डमध्ये घेतलं, नीट मांडलं, पीडीएफ करून क्लायंटला गेलं. त्यांच्याकडच्या डेव्हलपरने ते जसंच्या तसं उचलून चालवलं, तर ४०० एरर, म्हणजे पाठवलेली विनंतीच चुकीची. दोन दिवस फोनाफोनी. आमचा डेव्हलपर म्हणतो माझ्याकडे चालतंय, त्यांचा म्हणतो माझ्याकडे चालत नाही. शेवटी क्यूएमधला, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीममधला, दोन वर्षांचा अनुभव असलेला मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हे अवतरणचिन्ह बघा." वर्डने सरळ उभी दुहेरी चिन्हं वळणदार करून टाकली होती. जेसनमध्ये, म्हणजे एपीआयला माहिती ज्या साच्यात लिहून पाठवतात त्यात, फक्त सरळ चिन्ह चालतं.

मला सगळ्यात लागलं ते हे की ते वळणदार चिन्ह मला दिसत होतं. मी तो मजकूर चार वेळा वाचला होता. पण माझ्या डोळ्याला तेच बरोबर वाटत होतं. आयुष्यभर छापील पुस्तकं वाचून डोळा तसाच घडलाय. सरळ चिन्ह मला चुकीचं वाटलं असतं!

त्यानंतर नवीन मॅनेजर आले. आता सगळं डॉक्युमेंटेशन डेव्हलपरांच्या कोडशेजारी, गिटमध्ये (फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल), मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा देऊन लिहायची पद्धत) लिहायचं. आणि पुढच्या रिव्ह्यूत लिहून आलंय: "कोड यायला हवा." किती यायला हवा, कुठला यायला हवा, काही नाही. नौपाड्यातल्या एका क्लासने सहा महिन्यांचा 'फुल स्टॅक' कोर्स सुचवलाय, फी ६५,००० रुपये, शनिवार-रविवार पूर्ण दिवस. मुलगी दहावीला आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. टेक्निकल रायटरला प्रोग्रॅमिंग आलंच पाहिजे का? की मी माझं लिहिणंच अजून चांगलं करावं?

---

पारसिक

ओवीताई, मी डेव्हलपर आहे, १८ वर्षं झाली, सध्या ऐरोलीत. आधी एक सांगतो: तो कोर्स करू नका. फुल स्टॅकमध्ये तुम्हाला वेबसाइट बांधायला शिकवतील. बटण कुठे येतं, डेटाबेसला कसं जोडायचं. तुमच्या कामाला त्यातलं फार थोडं लागेल आणि जे लागेल त्यावर ते दोन तास पण घालवणार नाहीत.

तुम्हाला कोड लिहिणारं व्हायचं नाहीये. तुम्हाला तो वाचता आणि चालवता यायला हवा. या दोन गोष्टींत खूप अंतर आहे आणि तुमच्या मॅनेजरनी ते अंतर न सांगता एक ओळ लिहून टाकली, हे मला पटलेलं नाही.

माझा अनुभव सांगतो. आमच्या टीममध्ये एक रायटर होत्या, मराठी माध्यमातल्या, बी.ए. झालेल्या. त्यांनी पोस्टमन शिकून घेतलं. पोस्टमन म्हणजे एक टूल, त्यात कोड न लिहिता एपीआयला विनंती पाठवून उत्तर बघता येतं. एकदा त्या माझ्याकडे आल्या आणि विचारलं, "मोबाइल नंबर हे फील्ड रिकामं पाठवलं तर वेगळं उत्तर येतं, नल (म्हणजे 'इथे काहीच नाही' अशी खूण) पाठवलं तर वेगळं, आणि फील्डच गाळलं तर तिसरंच. यातलं डॉक्युमेंटमध्ये कुठलं लिहू?"

मी गप्प. कारण आम्ही तिघांनी मिळून ते लिहिलं होतं आणि हा विचारच कुणी केला नव्हता. फील्ड गाळलं की सर्व्हर जुना नंबर तसाच ठेवत होता, रिकामं पाठवलं की पुसून टाकत होता, आणि नल पाठवलं की ५०० देत होता, म्हणजे आमचाच प्रोग्रॅम कोसळत होता. तो बग त्यांनी पकडला. कोडची एक ओळ न लिहिता. त्यांना फक्त "वाचकाने असं केलं तर?" ही शंका आली, आणि शंका आल्यावर ती स्वतः तपासून बघता आली. पूर्वी त्या शंका मनातच ठेवायच्या, कारण प्रत्येक वेळी डेव्हलपरच्या टेबलाशी जाऊन उभं राहायला अवघड वाटतं. आम्हीही हेडफोन घालून बसलेलो असतो, हे मान्य करतो.

एचटीटीपीचे आकडे, म्हणजे सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो ते, समजून घ्या. ४०१ आणि ४०३ मधला फरक एकदा डोक्यात बसला की निम्मं एरर-पान तुम्हीच लिहाल. ४०१ म्हणजे तू कोण हेच मला पटलेलं नाही. ४०३ म्हणजे तू कोण ते कळलं, पण तुला इथे यायची परवानगी नाही. गंमत अशी की ४०१ चं अधिकृत नाव 'अनऑथराइज्ड' आहे, त्यामुळे नवे डेव्हलपरसुद्धा गोंधळतात. हे सोप्या भाषेत सांगणारा माणूस आम्हाला हवा असतो.

---

निळी_शाई

माझं मत वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडते.

मी वीस वर्षं हेच काम करतेय, आता घरूनच, घोडबंदर रोडला. ओवी, तुझं ते अवतरणचिन्ह वर्डने बदललं. तो टूलचा दोष. वर्डमध्ये ते ऑटोकरेक्ट बंद करायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. त्या एका घटनेवरून स्वतःला कमी लेखू नकोस.

रायटर वाचकाच्या बाजूला बसलेला असतो. टीममध्ये तो एकटाच असा असतो ज्याला अजून माहीत नाही, आणि म्हणून त्याला कळतं की वाचक कुठे अडखळणार. एका हॉस्पिटलच्या बिलिंग सॉफ्टवेअरची गाइड मी लिहिली होती. काउंटरवर बसणाऱ्या बायकांसाठी. त्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटला डिस्चार्ज देण्याआधी 'सेशन रिफ्रेश', म्हणजे चालू लॉगिन ताजं, करावं लागायचं. डेव्हलपरला ते इतकं उघड वाटत होतं की त्याने मला सांगितलंच नाही. मी काउंटरवर एक सकाळ बसले तेव्हा बघितलं, एक बाई दर वेळी लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करत होती. समोर रांग, नातेवाईक चिडलेले. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला जर आधीपासून सेशन म्हणजे काय हे माहीत असतं, तर मीही ती पायरी गाळली असती. जास्त कळायला लागलं की पायऱ्या गळतात. हे मी चांगल्या चांगल्या रायटरांच्या बाबतीत पाहिलंय.

आणि दुसरं, जे कुणी बोलत नाही. नोकरीच्या जाहिराती बघा. पायथन हवं, जावा हवं, गिट हवं, आणि पगार रायटरचा. डेव्हलपरला दोन धड वाक्यं लिहिता येत नाहीत म्हणून कुणाचं अप्रेजल अडल्याचं मी ऐकलेलं नाही. भाषा हे कौशल्य नाही, ते सगळ्यांना येतंच, असं एकदा ठरवलं की मग रायटरला सतत काहीतरी दुसरं शिकूनच स्वतःची किंमत सिद्ध करावी लागते. मला याचा राग आहे.

---

सॅटिस_पूल

निळी_शाई यांना अनुमोदन. शेवटचा परिच्छेद तर अगदी मनातला.

---

रबाळे_एमआयडीसी

मी सॉफ्टवेअरवाला नाही, पण टेक्निकल रायटरच. आमची कंपनी केमिकल प्लँटसाठी पंप बनवते, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात. मी त्यांची इन्स्टॉलेशन आणि मेंटेनन्स मॅन्युअल लिहितो. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

सुरुवातीला मी ड्रॉइंग बघून लिहायचो. ड्रॉइंग ऑफिसमधून कॅड फाइल यायची, त्यावरून पायऱ्या. मेकॅनिकल सील (पंपाची गळती थांबवणारा भाग) बदलण्याची एक पायरी मी लिहिली होती: कपलिंग गार्ड काढा, मग सील हाउसिंगचे चार बोल्ट सोडवा. ड्रॉइंगमध्ये चारही बोल्ट स्वच्छ दिसत होते.

नंतर एका प्लँटवर गेलो. तिथले फिटर, सगळे त्यांना तात्या म्हणतात, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "साहेब, तुमचं पुस्तक वाचलं. आता तुम्हीच चौथा बोल्ट काढून दाखवा." मी पाना घेऊन वाकलो. चौथा बोल्ट डिस्चार्ज लाइनच्या, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपच्या, मागे. रिंग पाना बसतच नाही, हातसुद्धा जात नाही. तो काढायचा तर आधी डिस्चार्जचा फ्लँज, म्हणजे पाइपचा जोड, उघडावा लागतो. आणि फ्लँज उघडण्याआधी लाइनमधलं ॲसिड पूर्ण ड्रेन करावं लागतं. माझ्या मॅन्युअलमध्ये ड्रेनची पायरी सीलच्या प्रकरणात नव्हतीच. तात्यांना माहीत होतं म्हणून ठीक. नव्या पोराने माझं पुस्तक वाचून, आपल्या अकलेने फ्लँज सैल केला असता तर ॲसिड त्याच्या अंगावर आलं असतं.

त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून माझा नियम आहे की जी पायरी मी लिहीन ती एकदा तरी माझ्या हाताने झालेली असेल, किंवा माझ्या डोळ्यासमोर कुणीतरी केलेली असेल. मी फिटर झालो नाही. तात्यांसारखी सील मला आजही बसवता येणार नाही. पण पाना कुठे अडतो हे मला कळतं.

ताई, तुमचा पाना म्हणजे टर्मिनल (कॉम्प्युटरला आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि तो एपीआय. तुमचा प्लँट म्हणजे कोड. निळी_शाईताईंचं हॉस्पिटलचं उदाहरण मला वेगळं वाटतच नाही. त्याही काउंटरवर जाऊन बसल्याच ना? ऑफिसात बसून त्यांना ते दिसलं नसतं.

---

निळी_शाई

हे मला मान्य करावं लागेल. मी जाऊन बसले होते. आणि तात्यांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

पण मग वाचक डेव्हलपर असेल तर रायटरने डेव्हलपरच्या खुर्चीत जाऊन बसावं, असं म्हणा. "कोड यायला हवा" असं म्हणू नका.

---

खाडीपलीकडे

माझ्याकडे रायटरांची सहा जणांची टीम आहे, इंटरव्ह्यूही मीच घेतो, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

आधी थोडं मागे जाऊ. रायटर आणि प्रोग्रॅमर हे दोन वेगळे प्राणी आहेत ही समजूत तशी अलीकडची. १८४३ साली एडा लव्हलेसने चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि त्याला टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट झाल्या. त्यातल्या 'जी' या टिपेत गणितातल्या बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या त्याची पायरी-पायरीने मांडणी आहे, आणि तिलाच पुष्कळ जण जगातला पहिला प्रोग्रॅम म्हणतात. म्हणजे तो एका भाषांतरकर्तीने वाचकाला समजावं म्हणून लिहिलेल्या टिपेत आला. हार्वर्डच्या मार्क १ या सुरुवातीच्या कॉम्प्युटरचं १९४६ मधलं जाडजूड मॅन्युअल लिहिण्यात मोठा वाटा ग्रेस हॉपर यांचा, आणि त्या त्याच यंत्रावर प्रोग्रॅम लिहायच्या.

आता आजचं. मी इंटरव्ह्यूत कोड लिहायला कधीच सांगत नाही. एक लॅपटॉप देतो, एक साधा एपीआय, पंधरा मिनिटं. म्हणतो, हे चालवून बघा आणि वाचकाला काय सांगाल ते लिहा. उत्तरात व्यवहाराची वेळ येते, ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी मुद्दाम १ एप्रिलच्या पहाटे दोनचा व्यवहार ठेवलाय. एपीआय दाखवतो ३१ मार्च, रात्री साडेआठ. जो नुसतं फील्डचं वर्णन लिहितो, तो लिहितो: 'व्यवहाराची तारीख आणि वेळ'. जो थांबतो, तो म्हणतो, "अहो, हा व्यवहार तर मागच्या आर्थिक वर्षात पडला, अकाउंट्सवाल्यांचा ताळा कसा जुळणार?" त्याला मी घेतो. मग त्याला पायथन येत असो वा नसो. पण खरं सांगतो, ज्याला चालवून बघता आलं नाही तो त्या तारखेपर्यंत पोहोचतच नाही.

टूलच्या मागे फार धावू नका. मी फ्रेममेकर पाहिलं, रोबोहेल्प पाहिलं, एक्सएमएलवर आधारलेल्या डिटा या लेखन-साच्याची लाट पाहिली. मार्कडाउन २००४ चं, गिट २००५ चं, आणि आमच्याकडे ती दोन्ही रुळायला पुढची कितीतरी वर्षं गेली. गिटचं एकच सांगतो, ते रायटरच्या फायद्याचं आहे. तुमचं पान त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (केलेला बदल तपासून मंजूर करायला पाठवणं) असलं की डेव्हलपर कोड बदलताना तुमचं पान त्याच्या समोर येतं. पूर्वी रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कळायचं की फील्डचं नाव बदललंय.

आणि अजून एक. हल्ली पहिला मसुदा एआयकडून लिहून घेण्याचा आग्रह सगळीकडे आहे. आमच्याकडेही आहे. मसुदा वाचायला गुळगुळीत असतो. माझ्या टीममधल्या एका मुलीला अशाच मसुद्यात एक पॅरामीटर (विनंतीत पाठवायचा घटक) सापडला, जो आमच्या एपीआयमध्ये कधी नव्हताच. नाव इतकं चपखल की मलाही वाटलं, असेल. तिने चालवून बघितलं म्हणून कळलं. भाषेवरून खरं-खोटं ओळखायची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण भाषा निर्दोष असते. म्हणून मी आता टीममधल्या प्रत्येकाला निदान उदाहरणं स्वतः चालवता आलीच पाहिजेत असं सांगतो, आणि ते शिकायला ऑफिसच्या वेळातले आठवड्याला तीन तास देतो. शिकणं कंपनीच्या कामासाठी असेल तर त्याचा शनिवार-रविवार कंपनीने मागू नये.

---

नवखा_२४

माझं उलटं आहे. बी.एस्सी. आयटी, कल्याण. जावा, पायथन येतं, पण कोडिंगची नोकरी मिळत नाहीये, म्हणून टेक्निकल रायटिंगला अर्ज करतोय. कोड येतो म्हणजे मला लगेच जमेल ना?

---

निळी_शाई

नाही, लगेच नाही. राग मानू नकोस, मनापासून सांगते. तुला येणारी एक गोष्ट घे, समजा पायथन इन्स्टॉल करणं, आणि ती तुझ्या आईला किंवा काकांना समजेल अशी एका पानात लिही. ते तुझ्यासमोर करत असताना तू तोंड उघडायचं नाहीस. जिथे जिथे तुला बोलावंसं वाटेल तिथे तुझं पान अपुरं आहे. ते पान दहा वेळा लिही. वाक्य छोटं ठेव, एका पायरीत एकच क्रिया. आणि अट असेल तर आधी अट, मग क्रिया. 'डिलीट दाबा, पण आधी बॅकअप घेतला असेल तरच' असं लिहिलंस तर वाचकाने स्वल्पविरामापर्यंत पोहोचायच्या आत डिलीट दाबलेलं असतं.

---

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, एकदा गाडीत आणि एकदा रात्री. कोर्सला नाही सांगितलं. मॅनेजरशी बोलले, खाडीपलीकडे यांचं तीन तासांचं उदाहरण दिलं. दोन तास मिळाले, बुधवारी दुपारी.

पारसिकदादा, सुरुवात कुठून करू? एकच गोष्ट सांगा.

---

पारसिक

तुमच्याच जखमेपासून करा. तुमच्या सगळ्या मार्कडाउन फाइल्समधली जेसनची उदाहरणं बाहेर काढून एकेक तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, पायथनमध्ये. जेसन तपासायची सोय पायथनमध्ये आधीपासूनच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. फाइल उघडणं, ओळी वाचणं, तीन बॅकटिकच्या (```) खुणांमधला मजकूर उचलणं, तपासणं, चुकलं तर फाइलचं नाव आणि ओळ छापणं. एवढंच. यात लूप येतो, अट येते, फंक्शन येतं. अडलात तर इथेच विचारा. आणि एआयला पूर्ण लिहून मागू नका, निदान पहिल्या वेळी तरी.

---

ओवी

साडेतीन आठवड्यांनी परत आलेय. सांगायला खूप आहे.

प्रोग्रॅम झाला. २६ ओळी. पहिले दोन बुधवार नुसती फाइल उघडण्यात गेले, कारण फोल्डरचा पत्ता कसा लिहायचा तेच कळत नव्हतं. टर्मिनलमध्ये आपण 'कुठे उभे आहोत' ही कल्पनाच मला नवी होती. ते ज्या दिवशी समजलं, त्या दिवशी कोपरखैरणे ते ठाणे गाडीत उभ्या उभ्या मनातल्या मनात फोल्डर चढत-उतरत होते.

चालवला. आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एकूण १४३ उदाहरणं निघाली. त्यातली १७ तुटलेली. ९ ठिकाणी तेच वळणदार अवतरणचिन्ह, जुन्या वर्डच्या फाइल्समधून आलेलं. ५ ठिकाणी शेवटच्या फील्डनंतर एक जादा स्वल्पविराम, जो जावास्क्रिप्टमध्ये चालून जातो पण जेसनमध्ये नाही. ३ ठिकाणी आमच्याच डेव्हलपरांनी उदाहरणाच्या आत दोन तिरक्या रेघा देऊन शेरे लिहिलेले. जेसनमध्ये शेरा लिहायची सोयच नाही, हे मला आता माहीत आहे! सतराच्या सतरा दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट टाकली. माझी पहिली. क्यूएमधल्या त्याच मुलाने ती मंजूर केली.

पण खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती निळी_शाईताईंना सांगायचीय.

प्रोग्रॅमने बाकीच्या १२६ उदाहरणांना बरोबर म्हटलं. मी खूश. मग तुमचं वाक्य आठवलं, काउंटरवर बसायचं. म्हणून एका संध्याकाळी ती १२६ उदाहरणं छापून घेतली आणि घरी जेवणाच्या टेबलावर एकेक वाचली, जणू मी नाशिकच्या एखाद्या मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट बनवणारी मुलगी आहे. रिफंडच्या पानावर येऊन थांबले. वर वाक्य होतं, 'ग्राहकाला ५०० रुपये परत करण्यासाठी'. खाली उदाहरणात रक्कम होती ५००. व्याकरण बरोबर, जेसन बरोबर, प्रोग्रॅमच्या मते सगळं ठीक.

पण आमच्याकडे रक्कम रुपयांत नाही, पैशांत पाठवतात. अपूर्णांकाचा घोळ नको म्हणून रक्कम सगळ्यात लहान एककात, म्हणजे पैशांत, पूर्ण आकड्यातच द्यायची असते. पैसे भरून घेण्याच्या पानावर ते लिहिलेलं आहे. रिफंडच्या पानावर नव्हतं. माझं उदाहरण वाचून कुणी रिफंड लावला असता तर ग्राहकाला ५०० रुपयांऐवजी पाच रुपये गेले असते.

ते पान मीच लिहिलं होतं. लगेच लॅपटॉप उघडला, टेस्टच्या खात्यावर विनंती पाठवली. उत्तरात आलं: ५.०० रुपये परत केले. ते उत्तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, कुणाला फोन न करता, रात्री पावणेअकराला. मुलगी शेजारी भूमितीचा अभ्यास करत होती, तिलाही दाखवलं. सकाळी गेल्या गेल्या पान दुरुस्त केलं: रक्कम ५००००, आणि उदाहरणाच्या आधी ठळक एक ओळ, रक्कम पैशांत द्या. सपोर्टवाल्यांकडे विचारलं तर पाच रुपयांच्या रिफंडच्या दोन तक्रारी आलेल्या निघाल्या, दोन्ही 'क्लायंटची चूक' म्हणून बंद केलेल्या. त्या दोन्ही क्लायंटना मी स्वतः मेल लिहिला.

---

खाडीपलीकडे

त्या दोन्ही क्लायंटना स्वतः मेल लिहिलात हे फार बरं केलंत. नोकरी बदलायची झाली तर आधी मला कळवा.

---

रबाळे_एमआयडीसी

तात्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बाईंनी पाना धरला." गेल्या महिन्यात निवृत्त झाले ते.

---

निळी_शाई

ओवी, तुझा प्रतिसाद सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला.

माझ्याकडे एका जुन्या क्लायंटची तीनशे पानांची गाइड आहे. त्यात एकाच बटणाला कुठे 'सबमिट', कुठे 'सेंड', कुठे 'पाठवा' असं लिहिलं गेलंय, चार वर्षांत चार हातांनी. मी ते डोळ्यांनी शोधतेय, पंधरा दिवस झाले. तुझ्या त्या २६ ओळींत थोडा बदल केला तर ते शोधून मिळेल का? आणि टर्मिनल म्हणजे तीच काळी खिडकी ना, जी मी आजवर चुकून उघडली की बंद करते?

---

ओवी

हो ताई, तीच. आणि हो, मिळेल. उदाहरणं उचलायचा भाग काढायचा, तपासायच्या ओळीच्या जागी शोधायचे शब्द द्यायचे, बाकी सगळं तसंच राहील. फाइल्स वर्डमध्ये असतील तर आधी साध्या मजकुरात सेव्ह करून ठेवा.

शनिवारी चारला मराठी ग्रंथसंग्रहालयापाशी भेटू या? मला तिथे पुस्तक बदलायचंच आहे. लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आणा, पहिल्यांदा पायथन बसवायला वेळ लागतो.